हंगामी कमाईचा हिशेब: एका माजी कबड्डीपटूच्या दुसऱ्या व्यवसायाचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण उत्तर रत्नागिरीतील एका बंदराजवळच्या वाडीत घडले आहे. संबंधित खेळाडूची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, संघाचे नाव आणि काही कौटुंबिक तपशील वगळले आहेत, तसेच रकमा जवळच्या गोल आकड्यांत दिल्या आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. खेळाडूचा उल्लेख पुढे श्री. म. असा केला आहे. बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी म्युच्युअल फंड वितरणाच्या परीक्षेला बसणाऱ्या तरुणांना शिकवू लागलो आणि त्या निमित्ताने २०१९ च्या पावसाळ्यात ते माझ्याकडे आले. त्यामुळे या प्रकरणात मी केवळ निरीक्षक नाही. त्यातील एका चुकीत माझा थेट वाटा आहे आणि तो योग्य ठिकाणी नोंदवला आहे.

पार्श्वभूमी

श्री. म. वयाच्या तेराव्या वर्षापासून वाडीच्या क्रीडा मंडळाकडून मातीवर खेळत होते. बारावीनंतर ते मुंबईला गेले, व्यावसायिक गटात एका आस्थापनेच्या संघाकडून कंत्राटी मानधनावर खेळले आणि उजव्या कोपऱ्याचे भरवशाचे बचावपटू म्हणून नावारूपाला आले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा या खेळातील पैशाचे स्वरूप पालटले. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती, तर २०१८ च्या लिलावात ती १ कोटी ५१ लाखांवर गेली. श्री. म. या शिखरावरचे खेळाडू नव्हते. तरीही पाच हंगामांत मिळून, कर वजा जाता, त्यांच्या हाती सुमारे ४१ लाख रुपये आले, आणि ज्या घरात मासळीच्या टोपलीवर संसार चालत होता त्या घरात ही रक्कम अकल्पित होती.

या ४१ लाखांचे काय झाले हे पुढील घटना समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. १७ लाख घराच्या बांधकामाला लागले, ९ लाख गाडीला, ६ लाख बहिणीच्या लग्नाला आणि ४ लाख गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला व त्यानंतरच्या व्यायामोपचाराला लागले. अडीच लाख एका पतसंस्थेत मुदत ठेव म्हणून ठेवले होते, ते तिचे व्यवहार थांबल्यामुळे अडकले. उरलेल्या अडीच लाखांपैकी पन्नास हजार आणि नंतर विकलेल्या गाडीचे काही पैसे एवढीच त्यांच्या बचत खात्यातील शिल्लक होती. यातील एकही खर्च उधळपट्टीचा म्हणता येणार नाही. घर गळत होते, बहिणीचे लग्न व्हायचेच होते. अडचण एवढीच होती की दर वर्षी तीन महिन्यांत आलेली कमाई उरलेल्या नऊ महिन्यांनाच नव्हे, तर खेळ संपल्यानंतरच्या तीस वर्षांनाही पुरवायची आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

२०१८ च्या हंगामात सरावादरम्यान त्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण २०१९ च्या लिलावात त्यांच्यावर कोणी बोली लावली नाही. ते तेव्हा ३० वर्षांचे होते, विवाहित होते आणि त्यांना एक मुलगी होती.

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय प्रशिक्षक होण्याचा होता. त्यासाठी पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम करावा लागला असता. घरापासून इतका काळ दूर राहणे त्यांना त्या वर्षी शक्य नव्हते. दुसरा पर्याय सरकारी नोकरीचा होता. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, परंतु लीगमधील झगमगाट तेथे उपयोगी पडला नाही. अधिकृत राष्ट्रीय स्पर्धेतील पदक त्यांच्याकडे नव्हते आणि जुन्या प्रमाणपत्रांची पडताळणी रखडली होती. तिसरा पर्याय मित्रांबरोबर भागीदारीत होडी घेण्याचा होता. तो त्यांच्या आईने पहिल्याच दिवशी मोडीत काढला, कारण समुद्रावर नवऱ्याची वाट पाहण्यात तिचे आयुष्य गेले होते.

उरलेले तीन पर्याय पैशाच्या व्यवहारातले होते. शेजारच्या तालुक्यातील एका पतसंस्थेने त्यांना ठेवी गोळा करण्यासाठी आणि गरज पडल्यास वसुलीसाठी मासिक वेतनावर बोलावले होते. या प्रस्तावातील वसुलीचा भाग मला खटकला, कारण तेथे त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या खांद्यांची रुंदी विकत घेतली जात होती. शिवाय बँकेतील ठेवींना जे ठेव विमा संरक्षण असते (२०२० पासून ते प्रति ठेवीदार ५ लाख रुपये आहे) ते पतसंस्थेतील ठेवींना नसते. ज्यांचे स्वतःचे अडीच लाख अडकले आहेत, त्यांनी दुसऱ्यांकडून तशाच ठेवी आणाव्यात हे त्यांनाही पटेना. दुसरा प्रस्ताव आयुर्विमा एजन्सीचा होता. त्यात पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे असते, त्यामुळे हातात पैसा लवकर येतो. तिसरा पर्याय म्युच्युअल फंड वितरकाचा होता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने (शेअर बाजार व म्युच्युअल फंडांवर देखरेख करणारी नियामक संस्था) सुरुवातीलाच एकरकमी कमिशन देण्याची पद्धत बंद केली होती. तेव्हापासून वितरकाला गुंतवणूक जोपर्यंत टिकून आहे तोपर्यंत, तिच्या चालू मूल्यावर थोडे थोडे कमिशन मिळते. याला ट्रेल कमिशन म्हणतात.

या पद्धतीचा अर्थ मी त्यांना आकड्यांत समजावला होता. ग्राहकांचे एक कोटी रुपये गुंतवलेले असतील आणि कमिशनचा दर ०.८ टक्के असेल, तर वर्षाला ८० हजार, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास मिळतात. वाडीत एक कोटी रुपये उभे करणे ही दोन-तीन वर्षांची मेहनत आहे. त्यांनी हा हिशेब वहीत लिहून घेतला, घरी नेला, पत्नीला दाखवला आणि चौथ्या दिवशी होकार कळवला. पत्नी अंगणवाडीत मदतनीस होती. दोन वर्षे तिच्या मानधनावर आणि मंडळाच्या मुलांना सराव देऊन मिळणाऱ्या पैशांवर घर चालवायचे, असे त्यांनी ठरवले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. तो पत्नीसह, हिशेब मांडून घेतला गेला, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची वितरकांसाठीची परीक्षा १०० प्रश्नांची, दोन तासांची असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण लागतात. पहिल्या प्रयत्नात त्यांना ४४ गुण मिळाले. दुसऱ्या प्रयत्नात ६१ मिळाले. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांना ॲम्फीचा, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेचा, नोंदणी क्रमांक मिळाला आणि त्यांनी बंदराच्या रस्त्यावर एका औषधाच्या दुकानावरील खोलीत कार्यालय थाटले.

पहिले सहा महिने आणि त्यात दडलेली अडचण

सुरुवात अपेक्षेपेक्षा फार चांगली झाली. मार्च २०२० पर्यंत ६४ कुटुंबांनी त्यांच्यामार्फत गुंतवणूक केली होती. दरमहा सुमारे १ लाख ४० हजारांच्या एसआयपी (दर महिन्याला खात्यातून ठरावीक रक्कम गुंतवण्याची सोय) सुरू झाल्या होत्या आणि ६० लाखांच्या आसपास एकरकमी गुंतवणूक झाली होती. शिकाऊ वितरकाच्या मानाने हा वेग असामान्य होता आणि मी तो माझ्या वर्गात उदाहरण म्हणून सांगत असे.

हा वेग कशामुळे आला याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. दूरचित्रवाणीवर ज्याची पकड पाहून अख्खी वाडी ओरडली होती, तो मुलगा आता घरी येऊन चहा घेतो आणि कागद पुढे करतो, तेव्हा त्या कागदावर काय लिहिले आहे हे विचारणे लोकांना अपमानकारक वाटत होते. त्यांच्या नावामुळे दार लवकर उघडत होते आणि प्रश्न विचारण्याची पायरी गाळली जात होती. अनोळखी विक्रेत्याला गावकरी जे दहा प्रश्न विचारतात, त्या प्रश्नांतूनच पैसे कधी लागणार, किती लागणार, घरात आजारी कोण आहे ही माहिती बाहेर येते. श्री. म. यांना ती माहिती मिळतच नव्हती.

दुसरी अडचण माझ्या शिकवणीतली होती. माझ्या वर्गात मी प्रत्येकाला एकच सूत्र देत असे: दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम, समभाग योजनेत, दीर्घ मुदतीसाठी. पगारदारासाठी हे सूत्र उत्तम आहे. पण त्यांच्या ६४ कुटुंबांपैकी पगारदार जेमतेम वीस होती, आणि तीही बहुतेक मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांची. उरलेली घरे मासेमारी, आंब्याची कलमे आणि त्या दोहोंवर चालणारे छोटे धंदे यांवर जगणारी होती. पावसाळी बंदीत, साधारणपणे १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि घरात पैसा येत नाही. बागायतदाराकडे एप्रिल-मेमध्ये वाशीच्या बाजारात विकलेल्या आंब्याच्या पेट्यांची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, येते, मोहोराच्या दिवसांत मात्र फवारणीसाठी तो दलालाकडून उचल घेतो. अशा घरांच्या खात्यातून दर महिन्याच्या सात तारखेला दोन हजार रुपये कापून जावेत, अशी व्यवस्था आम्ही लावून दिली होती. मी याच किनाऱ्यावर तीस वर्षे बँकेत काढली आहेत. हे मला कळायला हवे होते.

निर्णायक प्रसंग

जानेवारी २०२० मध्ये श्री. म. यांच्या मंडळातील एक जुने सहकारी, वयाने त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे आणि आता एका होडीचे नाखवा, यांनी त्यांच्याकडे ९ लाख रुपये दिले. हे पैसे नवे इंजिन आणि जाळी यांसाठी साठवलेले होते आणि ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी ते लागणार होते. ही मुदत नाखवांनी सांगितली नाही, कारण ती सर्वांना माहीत असलेलीच गोष्ट आहे असे त्यांना वाटले. श्री. म. यांनी विचारली नाही, कारण जुन्या साथीदाराला असे विचारणे त्यांना परकेपणाचे वाटले. रक्कम मध्यम व लहान कंपन्यांच्या समभाग योजनांत गेली.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. लहान कंपन्यांचे समभाग त्याआधीच अधिक पडलेले होते. मार्चअखेर नाखवांच्या ९ लाखांचे मूल्य ५ लाख ९० हजारांच्या आसपास आले. टाळेबंदीमुळे मासळीचा बाजार विस्कळीत झाला होता, आंब्याची वाहतूक अडखळली होती आणि श्री. म. यांचा फोन दिवसभर वाजत होता. त्या आठवड्यात त्यांनी बहुतेकांना थांबण्यास सांगितले, आणि ज्यांना पैसे लवकर लागणार नव्हते त्यांच्यासाठी तो सल्ला बरोबर ठरला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली, माड आणि आंब्याची जुनी कलमे मुळासकट उपटली गेली. खाडीत सुरक्षित म्हणून नांगरून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आदळल्या आणि नाखवांच्या होडीची एक बाजू फुटली. आता इंजिन, जाळी आणि दुरुस्ती असे तीन खर्च एकदम उभे राहिले. जूनच्या मध्यावर गुंतवणुकीचे मूल्य ६ लाख ९० हजारांपर्यंत सावरले होते. वर्षाच्या आत पैसे काढल्यामुळे त्यावर १ टक्का निर्गमन शुल्क बसले आणि नाखवांच्या खात्यात ६ लाख ८३ हजार आले. तोटा २ लाख १७ हजारांचा होता. बाजार नोव्हेंबर २०२० मध्ये जानेवारीच्या उच्चांकाच्या पुढे गेला. होडीला मात्र १ ऑगस्टला पाण्यात उतरायचे होते.

जून-जुलैमध्ये ६४ पैकी २३ कुटुंबांचे एसआयपीचे हप्ते खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे परत गेले आणि प्रत्येक परतीमागे बँकेने दंड आकारला. वादळात कौले गेलेल्या घराला असा काहीशे रुपयांचा दंड भरावा लागणे किती जिव्हारी लागते, हे सांगण्याची गरज नाही.

नाखवा भांडायला आले नाहीत. ते कार्यालयात येऊन बसले आणि एवढेच म्हणाले, ‘‘तू सांगितलंस, मी दिले. मी कुठे काय विचारलं?’’ श्री. म. यांनी हे वाक्य मला त्याच रात्री फोनवर सांगितले. त्यानंतर ते बराच वेळ बोलू शकले नाहीत.

भरपाईचा प्रश्न

या टप्प्यावर त्यांच्यापुढे तीन मार्ग होते आणि त्यांवर आम्ही जवळजवळ आठवडाभर बोललो. पहिला मार्ग कागदोपत्री निर्दोष होता: अर्जावर सही आहे, जोखमीची सूचना छापलेली आहे, तेव्हा विषय संपला. दुसरा मार्ग त्यांच्या मनातला होता: गाडी विकून आलेल्या रकमेतील उरलेले पैसे आणि थोडे कर्ज काढून पूर्ण २ लाख १७ हजार नाखवांना द्यायचे. मी याला विरोध केला. वितरकाने तोटा स्वतःच्या खिशातून भरून दिला की बाजारातील गुंतवणुकीवर त्याची हमी आहे असा अर्थ निघतो. अशी हमी देण्याचा त्याला अधिकार नाही, आणि उरलेल्या ६३ कुटुंबांच्या बाबतीत ती पाळणे अशक्य होते. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते की हा तोटा बाजाराचा नसून न विचारलेल्या प्रश्नाचा आहे. साखळीने पकड करताना कोपऱ्याचा पाय सुटला तर तो मध्यरक्षकाकडे बोट दाखवत नाही, असे ते म्हणाले. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अखेर तिसरा मार्ग निघाला. ते नाखवांच्या घरी गेले आणि नाखवा, त्यांची पत्नी आणि मोठा मुलगा यांच्यासमोर त्यांनी स्पष्ट सांगितले की सहा महिन्यांत लागणारे पैसे समभागांत घालणे ही आपली चूक होती आणि ती बाजाराच्या माथी मारता येणार नाही. त्यानंतर त्यांनी मित्र या नात्याने, व्यवसायापासून वेगळे ठेवून, दीड लाख रुपये बिनव्याजी उसने दिले आणि दोन हंगामांत परतफेड करण्याचा कागद दोघांनी लिहिला. इंजिन जुनेच दुरुस्त करून घेतले गेले, जाळी नवी आली आणि होडी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात समुद्रावर गेली. उसने पैसे ठरल्याप्रमाणे परत आले.

हा मार्ग योग्य होता का, याविषयी माझे मत आजही पूर्ण स्थिर नाही. उसनवार आणि भरपाई यांतील रेषा कागदावर जितकी स्पष्ट दिसते तितकी वाडीत दिसत नाही. दुसऱ्या दोन गुंतवणूकदारांनी पुढे ‘आम्हालाही द्या’ अशी मागणी केलीच. पण चूक घरी जाऊन, घरातल्या सर्वांसमोर कबूल करण्याचा भाग मात्र निःसंशय योग्य होता.

केलेले बदल

ऑगस्ट ते डिसेंबर २०२० या काळात श्री. म. यांनी एकही नवा ग्राहक घेतला नाही. ते प्रत्येक जुन्या घरी पुन्हा गेले आणि या वेळी त्यांनी अर्जाऐवजी एक दोनशे पानी वही नेली. प्रत्येक कुटुंबाला एक पान दिले आणि त्यावर बारा महिने लिहून प्रत्येक महिन्यात किती येते आणि किती जाते हे घरच्यांकडूनच भरून घेतले. पैसे कधी लागणार हे वाक्य गुंतवणूकदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे, असा त्यांनी नियम केला. घरातील स्त्री हजर असल्याशिवाय बोलणे सुरू करायचे नाही, हा दुसरा नियम होता. बंदरावर लिलावात मासळी घेणारी, विकणारी आणि घरखर्चाचा डबा सांभाळणारी तीच असते. पहिल्या फेरीत सह्या मात्र बहुतेक पुरुषांच्या होत्या. आणि पहिल्या भेटीच्या दिवशी कोणताही व्यवहार करायचा नाही, हा तिसरा नियम होता.

या वहीतून जे चित्र निघाले त्यानुसार व्यवस्था बदलली. चाकरमान्यांच्या मासिक एसआयपी तशाच राहिल्या. मच्छीमार आणि बागायतदार यांच्यासाठी हंगामात आलेली रक्कम आधी लिक्विड फंडात ठेवण्याची पद्धत घातली. या योजनेत चढउतार अत्यल्प असतात आणि पैसे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी हाती येतात. त्यातून बंदीच्या दोन महिन्यांचा घरखर्च, जाळी, फवारणी आणि मुलांची फी वेगळी काढायची. उरलेल्या आणि किमान सात वर्षे न लागणाऱ्या रकमेपुरतेच एसटीपीने, म्हणजे त्याच फंडातून दर महिन्याला ठरावीक रक्कम वळवून, समभाग योजनेत जायचे. त्यामुळे बँक खात्यात पैसे नसले तरी हप्ता परत जाण्याचा आणि दंडाचा प्रश्न उरला नाही. उपाय नवा नव्हता, पाठ्यपुस्तकात तो आहेच. तो आमच्या किनाऱ्याला नेमका लागू पडतो हे कळायला आम्हाला एक वर्ष आणि एका साथीदाराचे दोन लाख लागले.

आणखी दोन गोष्टी त्यांनी बदलल्या. त्यांच्या पाटीवर ‘आर्थिक सल्लागार’ असे लिहिले होते. सल्लागार आणि वितरक यांची नोंदणी वेगळी असते आणि २०२० मध्ये सेबीने वितरकांना स्वतःला सल्लागार म्हणवण्यास मनाई केली. त्यांनी पाटी बदलून ‘म्युच्युअल फंड वितरक’ असे लिहिले. त्याचबरोबर आपल्याला कमिशन कोठून मिळते आणि वितरकाशिवाय घेता येणारा डायरेक्ट प्लॅन स्वस्त पडतो, हेही ते पहिल्या भेटीत सांगू लागले. चार-पाच सुशिक्षित ग्राहक डायरेक्टकडे गेले. त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही.

एक मोह आणि त्याला दिलेला नकार

२०२१ च्या सुरुवातीला, उत्पन्न महिन्याला पाच-सहा हजारांवर रेंगाळत असताना, बाहेरगावच्या काही मंडळींनी त्यांना एका योजनेच्या उद्घाटनाला बोलावले. दरमहा ३ टक्के परतावा, फलकावर त्यांचे जर्सीतील छायाचित्र आणि त्या बदल्यात त्यांच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून मोठे मानधन, असा प्रस्ताव होता. त्यांनी नोंदणी क्रमांक आणि पैसा कोठे गुंतवला जातो याचा कागद मागितला. तो मिळाला नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून आहे. पण त्यांच्या नकारामागे कायद्यापेक्षा नाखवांचे ते वाक्य होते, असे त्यांनी मला सांगितले. जे लोक प्रश्न न विचारता पैसे देतात त्यांच्यासमोर आपला चेहरा लावायचा म्हणजे काय, हे त्यांना आता ठाऊक होते. पुढे दीड वर्षाने त्या योजनेचे कार्यालय बंद झाले.

खेळाडूंकडे परत

२०२१ च्या डिसेंबरमध्ये, कोविडमुळे पडलेल्या खंडानंतर, लीग पुन्हा सुरू झाली आणि श्री. म. यांच्याकडे तरुण खेळाडूंचे फोन येऊ लागले. हा त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे असे मला वाटते. खेळाडूच्या मानधनातून १० टक्के कर मुळातून कापला जातो. ज्यांचे एकूण उत्पन्न कमी आहे अशा अनेकांनी विवरणपत्रच भरलेले नव्हते, त्यामुळे परत मिळू शकणारी रक्कम सरकारजमाच राहिली होती. त्यांनी चिपळूणच्या एका सनदी लेखापालांशी बोलून या मुलांची विवरणपत्रे वेळेत भरली जातील अशी व्यवस्था केली. त्यानंतर ते प्रत्येकाला वहीचे पान देतात. पण त्यावर बारा महिन्यांऐवजी पंचवीस ते पंचावन्न अशी वयाची वर्षे असतात, आणि खेळण्याच्या पाच-सहा वर्षांच्या चौकटी रंगवल्यावर उरलेल्या रिकाम्या चौकटी मुलाला स्वतः मोजायला लावतात. घर बांधू नका असे ते कोणालाच सांगत नाहीत. आपल्या ४१ लाखांचा हिशेब मात्र ते न लपवता सर्वांना दाखवतात.

बागायतदाराची पट्टी, नाखवाचा हंगाम आणि खेळाडूचा करार ही एकाच जातीची कमाई आहे. हे ज्ञान श्री. म. यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होते, कारण ते स्वतः त्यातून गेले होते. व्यवसायाच्या सुरुवातीला त्यांनी, आणि मी, त्यांच्या प्रसिद्धीला भांडवल मानले आणि हे ज्ञान बाजूला ठेवले.

फलनिष्पत्ती

२०२४ च्या अखेरीस त्यांच्याकडे १७० कुटुंबे होती आणि एकूण गुंतवणुकीचे मूल्य सुमारे साडेसहा कोटी होते. त्यावर वर्षाला साधारण ५ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ४३ हजारांच्या आसपास कमिशन मिळते. त्यातून कार्यालयाचे भाडे आणि एका सहायक मुलीचा पगार जातो. लीगमधील त्यांच्या चांगल्या हंगामाच्या तुलनेत हे उत्पन्न कमी आहे, आणि येथवर यायला पाच वर्षे लागली. २०२१ नंतरच्या पावसाळ्यांत परत गेलेले हप्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पतसंस्थेत अडकलेल्या अडीच लाखांपैकी निम्मे परत मिळाले आहेत.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या वर्षी त्यांनी ओळखीच्या वर्तुळाबाहेर काम सुरू करायला हवे होते, असे अनेक जण सुचवतात. मला ते अव्यवहार्य वाटते, कारण नव्या वितरकाला ओळखीशिवाय पहिले दहा ग्राहक मिळत नाहीत. मात्र जवळच्या माणसाचा अर्ज भरताना एखाद्या तिऱ्हाईताने, उदाहरणार्थ मी, प्रश्न विचारायला सोबत बसायला हवे होते. नाखवांच्या ९ लाखांच्या वेळी मी त्या खोलीत असतो तर ‘हे पैसे कशाचे?’ हे विचारायला मला संकोच वाटला नसता.

दुसरी गोष्ट विम्याची. होडीचा विमा आणि घराचा विमा यांवर २०२० पूर्वी कोणीच बोलले नव्हते. वादळाच्या किनाऱ्यावर गुंतवणुकीआधी त्याची चौकशी व्हायला हवी होती आणि आता वहीच्या पानावर तो पहिला प्रश्न असतो. तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची, आणि ती पूर्णपणे माझ्याकडे येते. माझ्या वर्गात आता मासिक हप्त्याचे उदाहरण दुसऱ्या दिवशी येते. पहिल्या दिवशी विद्यार्थी आपापल्या गावातील एका घराचा बारा महिन्यांचा जमाखर्च लिहून आणतात.

चार वर्षे नाखवांनी श्री. म. यांच्याकडे एक रुपयाही ठेवला नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. २०२४ च्या मे महिन्यात, होडी किनाऱ्याला लावण्यापूर्वी, ते पत्नीला घेऊन कार्यालयात आले. इंजिनासाठी जमवलेले ४ लाख दोन महिन्यांसाठी कोठे ठेवावेत असे त्यांनी विचारले. श्री. म. यांनी लिक्विड फंडाचे नाव सांगितल्यावर पैसे किती दिवसांत परत मिळतात, त्यात तोटा होऊ शकतो का, तुला यातून काय मिळते आणि मी दर्यावर असताना तिची एकटीची सही चालेल का, असे चार प्रश्न त्यांनी लागोपाठ विचारले. उत्तरे पत्नीने वहीत लिहून घेतली. खाते दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे उघडले आणि पैसे तिसऱ्या दिवशी भरले.